उरकुडेकाकांचं नख

आमच्या ऑफिसच्या रिसेप्शनमध्ये पितळी कुंडीत एक उंच, तजेलदार झाड होतं. कतारात नव्या नोकरीवर रुजू झाले त्या सकाळी साठीला टेकलेला एक माणूस त्या झाडापाशी पाठमोरा उभा राहून अंगठ्याच्या नखानं त्याचं खोड खरवडत होता. मी थांबून पाहत राहिले. तो वळला आणि ओळख ना पाळख, एकदम मला म्हणाला, "ये झाड जिंदा है, आपको किसने बोला?"

मला कोणीच काही बोललं नव्हतं. मी नुसतं खोडाकडे पाहिलं. नखाखालचा तपकिरी रंग उडाला होता आणि आत पांढरं प्लास्टिक दिसत होतं.

"अहो, मी काही म्हटलंच नाही," गोंधळून माझ्या तोंडून मराठी निघालं. परदेशात मराठी ऐकू आलं की लोक हरखतात. या गृहस्थांचे डोळे बारीक झाले.

"कुठल्या?"

"नाशिकच्या."

"शहर का जिल्हा?"

"शहर."

"कामाले कोणी लावलं?"

ही उरकुडेकाकांची आणि माझी पहिली भेट. नंतर कळलं की ते वनखात्यातून रेंजर म्हणून निवृत्त झालेले, चंद्रपूरकडचे, आणि आमच्या कंपनीचे झाडांचे तज्ज्ञ. रिसेप्शनमधल्या त्या झाडाला मात्र तो पांढरा ओरखडा कायमचा राहिला.

वर्ल्ड कपच्या आधीची ती वर्षं. सगळा देश उकरून ठेवलेला. काल ज्या चौकातून डावीकडे वळलो, तिथे आज उजवीकडचा बाण लावलेला असायचा. पाहुणे यायच्या आत नव्या रस्त्यांच्या कडेनं हिरवाई दिसायला हवी होती, आणि तिचं कंत्राट आमच्या कंपनीकडे होतं. कोणत्या आठवड्यात कोणत्या रस्त्याला किती झाडं लागायची, याचं वेळापत्रक आखणं हे माझं काम. ते वेळापत्रक खोटं आहे असं मला रोज सांगणं हे उरकुडेकाकांनी आपलं काम मानलं होतं. मी अल अझीझियात राहायची, ते अल नस्रमध्ये एका खोलीत एकटे. आमची साइट मेसईदच्या रस्त्याला, म्हणून कंपनीची एकच गाडी आधी त्यांना आणि मग मला घ्यायची. शफीक नावाचा एक शांत पेशावरी माणूस ती चालवायचा. रोज जाता-येता त्या गाडीत मी उरकुडेकाकांच्या संशयाशेजारी बसून प्रवास केला.

संशय हा त्यांचा स्वभाव नव्हता, तो त्यांचा धंदाच होता असं म्हणायला हवं. गाडीत बसले की आधी वाकून पेट्रोलचा काटा बघायचे. शफीक म्हणायचा, "फुल है साब." त्यावर हे, "किसने बोला?" शफीक बिचारा काट्याकडे बोट दाखवायचा. मग काट्यावर संशय. खजूर घ्यायचे तर एक फोडून बी बघितल्याशिवाय घ्यायचे नाहीत. लिफ्टमध्ये शिरण्याआधी ती खरंच आली आहे का, हे पाय पुढे करून चाचपायचे. चंद्रपूरला बायकोला फोन लावायचे तोही माझ्यादेखत, आणि तो मला पाठ झाला होता. "जेवली का?" पलीकडून होकार यायचा. "काय जेवली?" तिकडून भाजीचं नाव. "कोणी केली?" तिथे बहुधा काकू फोन ठेवत असाव्यात, कारण हे मोबाइल कानापासून दूर धरून त्याच्याकडेही संशयानं बघायचे.

आणि ते नख. उजव्या अंगठ्याचं नख त्यांनी वाढवलेलं होतं. जाड, पिवळट, कडेनं मळकट हिरवं. कोणतंही झाड दिसो, मॉलमधलं, मशिदीच्या अंगणातलं, दवाखान्याच्या दारातलं, ते आधी आजूबाजूला बघायचे आणि हळूच खोडाची साल किंचित खरवडायचे. आत ओलं हिरवं दिसलं तर काही बोलायचे नाहीत. कोरडं तपकिरी निघालं की, "पाहा! वरून हिरवं दिसून राहिलं, पण गेलं आहे हे. चार दिवसांत पानं टाकते का नाही सांगा." ते झाड खरोखर पानं टाकायचं, हे मला सांगताना आजही राग येतो. आमच्या मराठी मंडळाच्या मृणालवहिनी फार टापटिपीच्या. जेवायला बोलावलं की त्यांची नजर काकांच्या अंगठ्यावर. एकदा त्या बोलल्याच, "काका, ते नख तेवढं कापा हो, बघवत नाही."

"कापीन ना," काका वरण कालवत म्हणाले, "ज्या दिवशी कोणाच्या बोलण्यावर भरोसा ठेवता येईल, त्या दिवशी कापीन."

मला हा माणूस आवडत नव्हता. नर्सरीतून रोपांनी भरलेला ट्रक यायचा आणि हे खाली न उतरवता तो परत पाठवायचे. माझं वेळापत्रक कोसळायचं. पुरवठादार मोबाइलवर रोपांचे फोटो पाठवायचा. काका ते बघायचेही नाहीत. "फोटोत सगळीच झाडं जिती असतात," म्हणायचे. ऑफिसात कुजबुज होती की यांचं दुसऱ्या नर्सरीशी काहीतरी आहे. मला ती कुजबुज खरी वाटायची. जो माणूस सगळ्यांवर संशय घेतो त्याच्या स्वतःच्या पोटात काय असेल, असं मी मनात म्हणायची. तो संशय मी सोडला नाही, आणि मी तो सोडावा असं त्यांनी काही केलंही नाही.

त्यातच त्यांनी मेसईदच्या रस्त्यावर तो मातीचा प्रकार सुरू केला. त्या पट्ट्यात घाफची कोवळी झाडं लावायची होती. घाफ हे इथल्या वाळवंटातलं झाड. काटेरी, बारीक पानांचं, पाण्याशिवाय तग धरणारं. नकाशात प्रत्येक झाडाभोवती पाणी साठायला आळं दाखवलेलं. काकांनी माणसं लावून प्रत्येक खोडाच्या बुंध्याशी मातीचा उंचवटा चढवायला सुरुवात केली. आमचे प्रोजेक्ट मॅनेजर तारेकसाहेब, इजिप्तचे, स्वतः बागशास्त्राची पदवी घेतलेले. ते नकाशा घेऊन साइटवर आले. बुंध्याला माती चढवली तर साल कुजते, हे त्यांनी काकांना नीट समजावलं. त्यात चूक काही नव्हती. कोणत्याही पुस्तकात हेच सापडलं असतं.

"कुजते, जिथं पाऊस पडते तिथं," काका हिंदी-मराठी मिसळून म्हणाले. "इथं पडतो का? आणि हे गवत पाहा." ठिबकच्या नळ्यांच्या गळतीवर झाडांमधून गुडघाभर गवत उगवून वाळलं होतं. "ये सब साफ करो. झाड आणि रस्त्यात जाळरेषा पाहिजे." जाळरेषा म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून मोकळा ठेवलेला पट्टा, हे शेवटी मीच तारेकना इंग्रजीत समजावून सांगितलं.

तारेक हसले. "मिस्टर उरकुडे, हे वाळवंट आहे. इथे जंगल नाही. इथे कसली आग?"

"कोणी सांगितलं?" काका म्हणाले. आणि मातीचे उंचवटे तसेच चढवत राहिले.

परतताना गाडीत मी जरा फणकाऱ्यानंच विचारलं, "काका, तुम्हाला सगळीकडे आगच का दिसते?"

ते खिडकीबाहेर बघत होते. मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या तोंडून ऐकलेलं सगळ्यात लांब बोलणं होतं.

"आमच्याकडं मोहाच्या दिवसांत लोक मोहाखाली पालापाचोळा जाळतात. फुलं येचता यावी म्हणून. ती आग सुटते. मी नवीन नवीन नोकरीत लागलो तेव्हा असाच वणवा सागाच्या रोपवनात घुसला. लहान लहान रोपं, कमरेइतकी. दुसऱ्या दिवशी पाहाले गेलो तं सगळं काळं. साहेब आले, जीपमधून पाहिलं, आणि म्हणाले, नष्ट. ट्रॅक्टर लावला, सारं नांगरून टाकलं. नवीन लागवड कराची म्हणून. मी नांगरामागं चालून राहिलो होतो. मातीतून उलथून सागाची मुळं वर येऊन राहिली होती. जाड, गाजरासारखी. आणि त्या मुळांच्या वरच्या टोकाशी, मातीखाली, पांढरे कोंब होते, बाई. तांदळाच्या दाण्याएवढे. फुटून राहिले होते."

शफीकनं गाडीचा वेग कमी केला होता. त्याला मराठी कळत नव्हतं, पण तो ऐकत होता.

"सागाचं लहान रोप दर साली वरून मरते. आग, उन्हाळा, जनावरं. लोक म्हणतात, गेलं. पण खाली मूळ जाड होत राहते. एक दिवस ते इतकं जाड होते की एका पावसाळ्यात वर जाते, आगीच्या जिभेच्या वर. मग त्याले काही होत नाही. आग बोटभर मातीच्या खाली पोचत नाही. वर हात भाजतो, खाली माती गार असते. आणि ते कोंब मातीखाली राहिले पाहिजे. म्हून माती चढवतो मी."

मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "पटलं का?"

"पटलं," मी म्हटलं.

"काहून? मी सांगितलं म्हून?" आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागले. मला असा संताप आला.

आग लागली ती ऑगस्टच्या शेवटी, भर दुपारी. पलीकडच्या रस्त्याच्या कामावर लोखंड कापत होते, ठिणग्या वाऱ्यावर आल्या आणि वाळलं गवत पेटलं. आम्ही पोचलो तोवर बंब येऊन गेला होता. पट्ट्याचा मोठा भाग काळा पडला होता. ठिबकच्या नळ्या वितळून मातीला चिकटल्या होत्या. घाफची झाडं म्हणजे रांगेनं उभ्या काळ्या काड्या. तारेक कमरेवर हात ठेवून उभे होते. "खलास," ते म्हणाले.

काका गुडघ्यावर बसले. मातीच्या एका उंचवट्यात त्यांनी बोटं खुपसली आणि मला हात लावायला सांगितलं. वरची माती गरम होती, आत खरंच गार होती. त्यांनी काळ्या खोडाला नख लावलं. काळं, मग कोरडं. खाली सरकले. पुन्हा कोरडं. मग माती बाजूला केली आणि बुंध्याशी, मातीत दडलेल्या जागी नख लावलं. केसाएवढी हिरवी रेघ दिसली.

"खलास कोणी सांगितलं?" काका म्हणाले.

पण ती हिरवी रेघ बघायला वाकायला लागायचं, आणि वाकायला कोणी तयार नव्हतं. कंपनीचा बेत सोपा होता. मेलेली झाडं यंत्रानं उपटायची आणि परदेशातून वाढलेली मोठी झाडं आणून लावायची. दिसायला लगेच हिरवं. काका म्हणायचे, ती मोठी झाडं मूळ कापून आणतात, इथल्या उन्हात दोन उन्हाळे काढणार नाहीत. ही जळकी पोरं मात्र एकदा खाली घुसली की कोणाच्या बापाला ऐकणार नाहीत. तारेकनी त्यांना दसऱ्याच्या सुमारापर्यंत मुदत दिली. ग्राहकाचे इंजिनियर तेव्हा पाहणीला यायचे होते. तोवर जीव दिसला तर ठीक, नाही तर उपटायचं, आणि काकांचं कामही तिथेच संपायचं.

काकांनी टँकर लावून जळक्या काड्यांना पाणी द्यायला सुरुवात केली. अख्ख्या मेसईद रस्त्यावर त्याची चेष्टा झाली. बाजूनं जाणारे ड्रायव्हर भोंगे वाजवायचे. ऑफिसात सगळ्यांचं एकच मत, की म्हाताऱ्याला काम वाढवून हवंय, म्हणून कोळशाला पाणी घालतोय. माझंही तेच मत होतं. त्यांच्या पाठीमागे मी ते बोलूनही दाखवलं.

त्याच दिवसांत गणपती आले. मंडळाच्या आरतीनंतर मृणालवहिनी दसऱ्याचा विषय काढून बसल्या. इथे आपट्याची पानं मिळत नाहीत, दरवर्षी कागदाची कापतो, मुलांना तेच खरं वाटायला लागलंय, वगैरे. काका कोपऱ्यात मोदक उलटसुलट करून बघत होते. ते एकदम म्हणाले, "आपटा कशाले पाहिजे? शमी आहे ना."

"शमी? इथे?"

"घाफ म्हणजेच आपली शमी. आम्ही मेसईदच्या रस्त्याला तीच लावली आहे. जळली आहे सध्या."

"मग काय उपयोग?" वहिनी हसल्या.

"दसऱ्यापर्यंत पानं येतात तिले," काका म्हणाले. "येतात म्हणजे, येणारच."

मी तेव्हा मनात म्हटलं, झालं, आता देवासमोरही थापा. बाकीचे मात्र गंभीरपणे ऐकत होते.

सप्टेंबर सरता सरता कोंब आले. बुंध्याशी, मातीतून, लालसर हिरवे, काड्यांना चिकटून. काका मला हाताला धरून दाखवायला घेऊन गेले. मग ते बोटभर झाले, मग वीतभर, आणि त्यांवर ती बारीक पानं आली. काकांनी आयुष्यात पहिल्यांदा मोबाइलवर फोटो काढले आणि तारेककडे धावले. तारेकनी फोटो न बघताच परत दिले. "मिस्टर उरकुडे," ते म्हणाले, "फोटोत सगळीच झाडं जिवंत असतात. हे वाक्य मला कोणी शिकवलं?" काका तोंडात मारल्यासारखे बाहेर आले. साइट बघायला चला म्हणून त्यांनी खूप मागे लागून पाहिलं. तारेकना दोन स्टेडियमच्या मधल्या रस्त्याचं काम होतं. पाहणीच्या दिवशीच बघू, म्हणाले.

पाहणी नेमकी दसऱ्याच्या सकाळी, शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीनंतर होती. काकांनी पांढरा शर्ट घातला होता. गाडीत एकदाही त्यांनी पेट्रोलचा काटा बघितला नाही. रस्त्याला गाड्या थांबवता येतील अशी एकच रुंद जागा होती. तिथेच ग्राहकाचे इंजिनियर थांबले, तारेक थांबले, आम्ही उतरलो. आणि तिथे काहीही नव्हतं. त्या जागेच्या दोन्ही अंगांना, नजर पोचेल तिथपर्यंत, सगळे कोंब गायब. काळ्या काड्या आणि माती.

काका एका बुंध्यापाशी बसले आणि बसूनच राहिले. इंजिनियरांनी पाच मिनिटं उन्हात उभं राहून बघितलं. आतल्या बाजूला चाला, असं काका विनवत होते, पण बूट मातीत घालायला कोणी तयार झालं नाही. आठवड्याच्या शेवटी यंत्र येईल, असं ठरवून सगळे निघून गेले.

गाडीत काका बोलले ते फक्त एवढंच. "बकरीनं खाल्लं असतं तं चोथा झाला असता. उंटानं ओढलं असतं तं साल सोलली असती. हे बोटांनी खुडलं आहे. नख लावून." आणि ऑफिसात पोचल्यावर सरळ तारेकच्या केबिनमध्ये शिरले. तुम्हीच माणसं पाठवलीत, तुम्हाला ती परदेशी झाडं आणायची आहेत, असं भरल्या ऑफिसात म्हणाले. तारेकचा चेहरा पांढराफटक पडला. असा आरोप त्यांच्यावर कोणी केला नसावा. मी मध्ये पडले, तर काका माझ्याकडे वळले. "आणि तुम्ही? तुमच्या वेळापत्रकात तं आधीपासूनच नवीन झाडं आहेत." होती. कंपनीनं घालायला सांगितली होती. त्यांची ती नजर मला अजून आठवते, आणि अजूनही वाईट वाटतं.

संध्याकाळी अल अझीझियात मृणालवहिनींकडे सगळे जमले. काका येणार नाहीत असं वाटलं होतं, पण शफीकनं त्यांना ओढून आणलं. ते दारापाशीच बसले. मुलं इंग्रजीत भांडत होती, बायका जरीच्या साड्यांत, आतून श्रीखंडाचा वास. मग वहिनी मोठं ताट घेऊन आल्या आणि उत्साहानं म्हणाल्या, "आज कागदाचं सोनं नाही हं! खरी शमी!" त्यांनी पहिली डहाळी माझ्या हातात ठेवली. कोवळी, लालसर हिरवी. खालच्या टोकाला हात लावला आणि माझं बोट काळं झालं.

मी बोटाकडे बघितलं. मग काकांकडे. ते उठून उभे राहिले होते.

"कुठून तोडलं?"

वहिनी हसत म्हणाल्या, "तुम्हीच सांगितलं होतं ना, मेसईदच्या रस्त्याला! शुक्रवारी सगळे गेलो होतो, पिकनिकच झाली. गाडी लावायला छान जागा आहे तिथे."

"कोण कोण होतं?" हा आवाज रेंजरचा होता. "किती गाड्या? कोणत्या बाजूनं सुरू केलं? फांद्या मोडल्या का नुसते कोंब खुडले?"

सरकारी रस्त्याचं झाड तोडलंय, हे तेव्हा एकेकाच्या लक्षात यायला लागलं. वहिनींचे यजमान हळूच म्हणाले, "काका, हे बाहेर जायला नको हो. व्हिसाचा प्रश्न येईल." कोणीतरी ताट ओढणीनं झाकलं. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुम्ही म्हणालात येणारच, म्हणून गेलो आम्ही," त्या म्हणाल्या. "काळ्या काड्या बघून हे म्हणत होते परत फिरू. मीच म्हटलं, काका म्हणालेत ना, मग असणार. वाकून बघितलं, तर होती."

काका वहिनींकडे बघत राहिले. त्या पट्ट्यात जीव आहे हे अख्ख्या कतारात कोणी मानायला तयार नव्हतं. ज्यांनी मानलं, ते वाकले, आणि त्यांनीच खुडलं. काकांचे ओठ हलले. मला वाटलं आता स्फोट होणार. त्याऐवजी त्यांच्या छातीतून कसलासा आवाज आला, आणि ते हसताहेत हे कळायला आम्हाला वेळ लागला. आम्ही त्यांना हसताना कधी बघितलंच नव्हतं.

"म्हणजे साक्षीदार आहेत!" ते म्हणाले. "अख्खं मंडळ! झाका कशाले? उद्या माझ्यासंगं चला."

दुसऱ्या दिवशी तारेकच्या केबिनमध्ये जी मिरवणूक शिरली तिच्यात पुढे काका, मागे ताट घेतलेल्या मृणालवहिनी, त्यांच्यामागे चेहरा लपवणारे यजमान आणि शेवटी मी. काकांनी एक डहाळी उचलली आणि तारेकच्या हातात ठेवली. माफी त्यांनी मागितली नाही. मागायला त्यांना येतच नसावी. फक्त म्हणाले, "गोल्ड."

तारेकनी डहाळीकडे बघितलं, मग माझ्याकडे, संशयानं. मी सगळं सांगितलं. सण, पानं, शुक्रवारची पिकनिक. ते ऐकत राहिले. डहाळीच्या काळ्या टोकावरून त्यांनी बोट फिरवलं, काजळी बघितली, कोवळं पान दोन बोटांत चुरलं आणि वास घेतला. शेवटी पदवीधर होते, पानाचं वय त्यांना कळलं.

"या बाईंनी माझ्या साइटवरून चोरी केली," ते इंग्रजीत म्हणाले.

"हो," मी म्हटलं.

"आणि चोरायला तिथे काहीतरी होतं."

"हो."

तारेक गाडीची किल्ली उचलून म्हणाले, "यल्ला, चला, दाखवा." साइटवर ते बूट घालून मातीत शिरले, आतल्या रांगांपर्यंत गेले, आणि आमच्या मंडळाचे हात जिथे पोचले नव्हते तिथले वीतभर कोंब त्यांनी स्वतः वाकून बघितले. खुडलेल्या बुंध्यांवरही शेजारून नवे डोळे फुटत होते. जे आगीतून वाचलं त्याला मराठी मंडळ काय करणार, असं काका मला मराठीत म्हणाले. तारेकनी ग्राहकाशी भांडून मुदत मिळवली. गाड्या थांबायच्या जागेजवळचा, रस्त्यावरून दिसणारा तुकडा मात्र गेला. तिथे मोठी परदेशी झाडं आली. काकांनी त्या यंत्राकडे पाठ केली होती. मुळं वर येताना त्यांना बघायची नव्हती, हे मला सांगावं लागलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात घाफची झाडं माझ्या डोक्याच्या वर गेली होती. काकांना कंपनीनं मुदतवाढ देऊ केली, आणि त्यांनी ती घेतली नाही. ज्या माणसावर काम वाढवून घेण्याचा आम्ही इतके दिवस संशय घेतला, तो म्हणाला, "झालं काम." मला राग यायला हवा होता तो स्वतःचा, पण आला त्यांचाच. एवढं तर सांगायचं होतं आधी.

निघायच्या आदल्या दिवशी साइटवर त्यांनी मला विचारलं, "मी गेल्यावर इकडं कोण पाहील?"

"मी बघेन. दर आठवड्याला थांबेन. कोणी उपटायला आलं तर उभी राहीन."

मी वाट बघत होते. कोणी सांगितलं, काहून, कोणत्या वारी, यातलं काहीतरी येणार. ते माझ्याकडे नुसते बघत राहिले. मग गाडीत जाऊन बसले. मला वाटलं, विश्वास बसला नाही.

विमानतळावर मी आणि शफीक सोडायला गेलो. काकांनी शफीकला मिठी मारली. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि काही न बोलता ट्रॉली ढकलत आत गेले. मी काचेबाहेर उभी होते. आत खांबाशी कुंडीत एक मोठं हिरवं झाड होतं. काका थांबले. सवयीनं इकडे तिकडे बघितलं, अंगठा पुढे केला, आणि तसाच हवेत थांबला. मी काचेला नाक लावून बघितलं. नख कापलेलं होतं. अगदी मुळापासून, नीट. मला रडू फुटलं, आणि शफीक शेजारी आहे हे माहीत असूनही मी ते आवरलं नाही. काका त्या बोडक्या अंगठ्याकडे क्षणभर बघत राहिले. मग तो मुठीत घेतला, झाड आहे तसं सोडलं आणि घरी परतायच्या रांगेत जाऊन उभे राहिले.